बुधवारच्या रात्रीचं ग्लेझ्ड पोर्क : काकवी, सोया आणि माडाचं व्हिनेगर

घाटमाथा_खानापूर

पोर्क म्हटलं की आपल्या भागात नाताळाचं सोरपोतेल आठवतं, नाहीतर गोव्याहून आणलेलं चोरिस, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज. दोन्ही मला मनापासून आवडतात. पण कामावरून साडेसातला घरी आल्यावर यातलं काय करणार? सोरपोतेल तर केल्यावरही दोन-तीन दिवस मुरायला मागतं. म्हणून हा धागा काढतोय. कुकरमध्ये भात होईपर्यंत तयार होईल असं, आशियाई पद्धतीचं ग्लेझ केलेलं पोर्क. खारट सोया, काहीतरी गोड, काहीतरी आंबट असं एकत्र आटवून मांसाला चकचकीत लेप चढवायचा, तो प्रकार.

त्यासाठी मध, ब्राऊन शुगर, मिरिन (जपानी गोड तांदळाची दारू) शोधत फिरू नका, एवढंच माझं सांगणं आहे. बेळगाव जिल्ह्यात ऊस आहे, म्हणजे काकवी आहे. चोर्ला घाट उतरला की माडाच्या सुरेचं व्हिनेगर आहे. ही जोडी पोर्कला इतकी छान जमते की मी आता दुसरं काही वापरत नाही.

चार माणसांना सहाशे ग्रॅम खांद्याचं मांस घ्या, थोड्या चरबीसकट. निव्वळ लाल मांस घेतलंत तर वातड होईल. फ्रीजरमध्ये अर्धा-पाऊण तास ठेवून कडक करा, मग धाग्याला आडवं, अर्ध्या सेंटीमीटरच्या आसपास जाडीचे काप करा. त्याला एक मोठा चमचा सोया सॉस, किसलेलं आलं, मिरपूड आणि छोटा चमचा कॉर्नफ्लॉवर चोळून ठेवा.

वाटीत वेगळं कालवा : दोन मोठे चमचे सोया, तीन मोठे चमचे काकवी, दीड मोठा चमचा माडाचं व्हिनेगर, चार ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या, पाव वाटी पाणी आणि अर्धा छोटा चमचा मसाला. मसाल्याचं खाली सांगतो. वरून मीठ अजिबात नको. एका मोठ्या चमचा सोयामध्ये साधारण अडीच ग्रॅम मीठ असतंच.

बिडाची कढई कडकडीत तापवा, थोडं तेल, आणि काप एका थरात पसरा. सगळे एकदम ओतू नका, दोन घाणे करा. गर्दी केली की पाणी सुटतं, मांस उकडतं आणि करडं पडतं. एक बाजू तांबूस होईपर्यंत हात लावायचा नाही. दोन्ही बाजू झाल्या की मांस ताटलीत काढा. त्याच कढईत वाटीतलं मिश्रण ओता, खाली धरलेलं उलथन्यानं खरवडून घ्या, मोठ्या आचेवर आटू द्या. सुरुवातीचे बुडबुडे बारीक आणि फेसाळ असतात. ते मोठे, संथ, चमकदार झाले आणि उलथनं ओढल्यावर कढईचा तळ क्षणभर दिसला की मांस परत टाका, मिनिटभर घोळवा, गॅस बंद. एकतारी पाकाच्या अलीकडेच थांबायचं. गार होताना तो आणखी घट्ट होतो.

मसाला : चिनी पंचमसाल्यात चक्रफूल, लवंग, कॅसिया दालचिनी, बडीशेप आणि सिचुआन मिरी असते. पहिल्या चार वस्तू आपल्या डब्यात आहेत. पाचवीच्या जागी तिरफळ घ्या. सिचुआन मिरी आणि आपलं तिरफळ एकाच कुळातल्या, झँथोझायलम वंशाच्या झाडांची फळं आहेत. जिभेला मुंग्या आणणारा तो गुण दोन्हींत आहे. तिरफळाची आतली काळी बी काढून टाका, फक्त साल भाजून कुटा.

वडगावकरीण

दादा, वाचूनच तोंडाला पाणी सुटलं. एक विचारू? काकवी घातली की कढईत खालून काळी होते आणि कडवट वास येतो. चिकनला करून बघितलं होतं. आच मोठी ठेवायची म्हणताय, मग जळत कशी नाही?

घाटमाथा_खानापूर

अक्का, चिकन भाजायच्या आधी काकवी चोळून ठेवली होती का? तसं केलं की जळणारच. कोरड्या कढईत मांस भाजताना पृष्ठभाग दीडशे अंशांच्या वर जातो. काकवीत साध्या साखरेबरोबर ग्लुकोज आणि फ्रुक्टोजही असतं, आणि फ्रुक्टोज तर एकशे दहा अंशांच्या आसपासच करपायच्या वाटेला लागतं. म्हणून भाजताना गोड काही नको. वाटीतल्या मिश्रणात पाणी आहे, आणि पाणी आहे तोवर कढईतलं तापमान शंभरच्या फार वर जात नाही, आच कितीही मोठी असो. पाणी संपत आलं की मात्र झपाट्यानं चढतं. शेवटचा मिनिट तेवढा कढईसमोरून हलायचं नाही.

गुऱ्हाळ_चिकोडी

काकवीचा विषय निघाला म्हणून लिवतोय. आमचं गुऱ्हाळ हाय, वडलांपासनं. काकवी म्हंजे पातळ गूळ असं लोक समजत्यात, पण ती काहिलीतनं कवा उतरायची ह्यात सगळी गोम हाय. रस उकळत आला की भेंडीच्या झाडाचा चिकट रस घालून मळी वर आणायची आणि झाऱ्यानं काढायची. मळी नीट निघाली न्हाई तर काकवीला गढूळ चव येती. मग साधारण एकशे पाच अंशाच्या आसपास रस आला की काकवी उतरायची. तसंच फुडं एकशे अठराच्या आसपास नेलं की गूळ पडतो.

ग्लेझला घेताना उजळ रंगाला भुलू नका. लई उजळ, पिवळीधमक असली तर मळी काढायला पावडरी वापरल्या असत्याल. तांबूस, काळपट बघून घ्या, वास घ्या, उसाचा वास आला पायजे. काचंच्या बरणीत ठेवा. पावसाळ्यात वर फेस आला किंवा आंबूस वास आला तर ती आंबाय लागली, मग वापरू नका. हंगाम दिवाळीनंतरचा, तवाच वर्षाची भरून ठेवायची.

आमच्या घरी पोर्क चालत न्हाई, पण तुम्ही सांगितलेलं कोंबडीच्या मांडीला लावून बघणार.

कॅम्पकर

किती छान धागा! आमचं घर पिढ्यानपिढ्या बेळगावच्या कॅम्पात. आजोबांकडची माणसं नंदगडहून आलेली, त्याआधी गोव्यातली. पोर्क आमच्याकडे दर रविवारी असतं, तरी हा प्रकार कधी केला नव्हता. काल केला.

व्हिनेगरबद्दल थोडं सांगावंसं वाटतं. बाजारात पांढऱ्या बाटलीवर बारीक अक्षरात ‘सिंथेटिक’ लिहिलेलं असतं, ते घेऊ नका. ते नुसतं पाणी घातलेलं अॅसिटिक अॅसिड, नाकात जातं आणि आटवलं की तिखट वास मागे ठेवतं. माडाच्या सुरेचं व्हिनेगर किंचित गढूळ असतं, तळाला गाळ बसतो, तो बसू द्या. त्याला सौम्य, आंबवलेली चव असते. आमच्याकडे पोर्कचं काहीही व्हिनेगरशिवाय होत नाही, कारण चरबीचा जडपणा तेच कापतं. दादांनी दीड चमचा लिहिलाय, मी दोन घातले आणि आम्हाला ते जास्त आवडलं. आटताना आंबटपणा थोडा उडून जातो, म्हणून शेवटी गॅस बंद केल्यावर अर्धा चमचा वरून शिंपडला.

आणि मांस घेताना कसायाला ‘मानेकडचा खांदा’ असं स्पष्ट सांगा. तिथं चरबी मांसाच्या आत धाग्याधाग्यात असते. लॉइन, म्हणजे पाठीकडचं मांस, दिसायला देखणं, पण पाच मिनिटं जास्त झाली की कोरडं पडतं.

वडगावकरीण

मानेकडचा खांदा. हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. आभारी आहे अक्का.

परत_आलो_टिळकवाडीत

नोकरीनिमित्त बरीच वर्षं पूर्वेकडच्या देशांत होतो, म्हणून थोडं वेगळं मत मांडतो. मूळ लेखात साखर शेवटी घालायचा नियम सरसकट सांगितल्यासारखा वाटतो. व्हिएतनामी थित खोमध्ये साखर सगळ्यात आधी असते. कोरड्या पातेल्यात ती गडद तांबडी होईपर्यंत जाळतात, मग पोर्क, फिश सॉस आणि शहाळ्याचं पाणी घालून मंद शिजवतात. चिनी होंग शाओ रौमध्येही पुष्कळ घरांत आधी साखर तेलात तांबूस करून मग पोटाकडचे तुकडे त्यात घोळवतात. सुंग राजवटीतला कवी सू तुंगपो (१०३७–११०१) याच्या नावानं ओळखलं जाणारं तुंगपो पोर्कही त्याच मंद शिजवण्याच्या घराण्यातलं.

कँटनचं चार स्यू आणखी निराळं. लांब पट्ट्या मुरवून, आकड्याला टांगून भट्टीत भाजतात आणि माल्टोजचा लेप देतात. ते कढईत होणारच नाही. तुमच्या कृतीला सगळ्यात जवळचं आहे ते जपानी घरातलं आल्याचं पोर्क, शोगायाकी. पातळ काप, आलं, सोया, मिरिन. तिथं तो रोजच्या जेवणाचा आणि डब्याचा पदार्थ आहे.

घाटमाथा_खानापूर

साहेब, फार मोलाची माहिती. माझा नियम पातळ कापांपुरता, वीस-पंचवीस मिनिटांच्या स्वयंपाकापुरता आहे, हे मी वर स्पष्ट लिहायला हवं. थित खोमध्ये साखर आधी जाळतात ती रंगासाठी आणि किंचित कडवटपणासाठी, आणि लगेच त्यावर पाणी येतं, त्यामुळे ती पुढे करपत नाही. दोन्हींकडे लगाम पाण्याच्याच हातात आहे.

परत_आलो_टिळकवाडीत

बरोबर. मग एक सुचवतो, कारण पोटाकडचं मांस या धाग्यातून निसटून जाऊ नये असं मला वाटतं. रविवारी वेळ असतो. बेलीचे कातडीसकट इंचभर तुकडे करा, पाण्यात एक उकळी देऊन ते पाणी फेकून द्या. मग कुकरमध्ये आलं, चक्रफूल, थोडा सोया आणि तुकडे जेमतेम बुडतील एवढं पाणी घालून, शिट्टी झाल्यावर मंद आचेवर वीस मिनिटं. रसासकट गार करून फ्रीजमध्ये. दुसऱ्या दिवशी वर पांढरी चरबी गोठते ती काढून घ्या, आणि खालचा रस बघा, थलथलीत झालेला असतो. कातडीतल्या कोलॅजनचं, म्हणजे चिवट प्रथिनाचं, जिलेटिन झालेलं असतं ते.

बुधवारी फक्त तुकडे कढईत परतायचे, तो रस पाऊण वाटी, दोन चमचे काकवी, चमचाभर व्हिनेगर, आणि आटवायचं. दहा मिनिटांचं काम. जिलेटिनमुळे लेप मांसाला धरून बसतो, कॉर्नफ्लॉवर लागतच नाही.

फौजी_घर

आम्ही शिलाँगला होतो तेव्हा खासी घरांत काळ्या तिळाच्या वाटणातलं पोर्क जेवलोय, दोनेइयाँग म्हणतात. गडद, दाट, तिखट कमी. बेळगावला आल्यावर मी घाटमाथा दादांच्यासारखंच ग्लेझ करते, पण शेवटी दोन चमचे भाजून भरड कुटलेले काळे तीळ घालते. गोडी थोडी आत सरकते आणि खमंगपणा पुढे येतो. मुलांना पांढरे तीळ आवडतात, मोठ्यांना काळे.

लोंढा_लाइन

आमच्या भागात काही जण रानडुकराचं मटण म्हणून गुपचूप विकतात. त्याला हे ग्लेझ चालेल का? ते कडक असतं म्हणून विचारतोय.

पशुवैद्य_हुक्केरी

भाऊ, ते घेऊच नका. रानडुक्कर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतं. शिकार आणि विक्री दोन्ही गुन्हा, विकत घेणाराही अडकतो. शिवाय त्या मांसाची कोणी तपासणी केलेली नसते, आणि ही गोष्ट मला कायद्याइतकीच महत्त्वाची वाटते.

पोर्क खाणाऱ्यांसाठी थोडं विस्तारानं लिहितो, कारण आपल्याकडे भीती भरपूर आणि माहिती अर्धवट आहे. डुकराच्या मांसात टेनिया सोलियम या पट्टकृमीच्या अळ्या असू शकतात. कच्च्या मांसात त्या तांदळाच्या किंवा ज्वारीच्या दाण्याएवढ्या, पांढुरक्या, पाणी भरलेल्या फोडांसारख्या दिसतात. काप करताना असं काही दिसलं तर मांस परत करा. बंदिस्त, खाद्य घालून पाळलेल्या डुकरांमध्ये हे क्वचित. उकिरड्यावर, उघड्यावर शौचाला जातात तिथे चरणाऱ्यांत जास्त. म्हणून मांस कुठून येतं हे दुकानदाराला जरूर विचारा.

आता जी गल्लत सर्रास होते ती. अर्धकच्चं, अळी असलेलं मांस खाल्लं तर आतड्यात पट्टकृमी होतो. मेंदूत गाठी होऊन फिट येण्याचा जो आजार आहे तो त्या कृमीची अंडी पोटात गेल्यानं होतो, आणि ती अंडी ज्याच्या आतड्यात कृमी आहे अशा माणसाच्या विष्ठेतून, न धुतलेल्या हातांतून, भाजीतून येतात. कधीच पोर्क न खाणाऱ्यालाही तो आजार होऊ शकतो. त्यामुळे पोर्क नीट शिजवा, आणि हात आणि कच्ची भाजी त्याहून नीट धुवा.

शिजवण्याचं म्हणाल तर अखंड तुकड्याला आतून ६३ अंश सेल्सियस आणि मग तीन मिनिटं विश्रांती, खिम्याला ७१ अंश, हे प्रमाण सर्वमान्य आहे. अर्ध्या सेंटीमीटरचे काप कडक कढईत दोन्ही बाजूंनी तांबूस होईपर्यंत भाजले आणि नंतर उकळत्या लेपात घोळवले तर ते याच्या कितीतरी वर जातात. कापून बघा, कच्चा गुलाबी भाग दिसता कामा नये. कच्च्या मांसाचा विळा आणि पाट गरम पाण्यानं, साबणानं धुतल्याशिवाय कांद्याला लावू नका.

लोंढा_लाइन

समजलं डॉक्टरसाहेब. खानापूरच्या दुकानातूनच आणेन.

शहापूरची_सून

आमच्या घरात सासूबाईंना पोर्क चालत नाही. त्यांचा मान राखून कसं करता तुम्ही सगळे? मला आणि ह्यांना फार आवडतं. वेगळी भांडी ठेवते, पण वासाचं काय?

कॅम्पकर

ताई, वास मुख्यतः चरबी तापताना येतो. मागच्या पडवीत वेगळी शेगडी लावता आली तर उत्तम. कढई, उलथनं, ताटल्या कायमच्या वेगळ्या ठेवा आणि त्यांना कुठल्या त्या दाखवून द्या, म्हणजे शंका राहत नाही. आमच्या शेजारी मराठा कुटुंब आहे, पलीकडे मुस्लिम. दोघांकडे हे चालत नाही आणि आम्ही ताट पाठवतानाही ते लक्षात ठेवतो. त्यांच्याकडे जातो तो केक आणि नेवऱ्या.

घाटमाथा_खानापूर

वाराचाही विचार करा. सोमवार, गुरुवार, शनिवार पुष्कळ घरांत पाळले जातात, काहींकडे मंगळवारही. आमच्या ख्रिस्ती मित्रांकडे उपवासकाळात शुक्रवार बंद. कामाच्या दिवसांत सगळ्यांना एकत्र बसून खाता येईल असा बुधवारच उरतो. शीर्षकात बुधवार आला तो त्यामुळे.

शहापूरची_सून

सासूबाईंशी बोलले. मागच्या पडवीत करायला त्यांनीच सांगितलं. त्या त्यांच्यापुरती पनीरची मागतायत, तेच ग्लेझ लावून! पनीरला प्रमाण बदलायचं का?

फौजी_घर

पनीरला स्वतःची चरबी सुटत नाही, म्हणून व्हिनेगर निम्मं आणि तेल चमचाभर जास्त. पनीर आधी मिठाच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवा, पुसून कोरडं करा, मग भाजा. त्यांची कढई वेगळी, आणि आधी त्यांचं करा.

वडगावकरीण

भात कुठला घेता? बासमती घेतला तर ग्लेझ ताटात खाली उतरतं, भाताला लागतच नाही.

घाटमाथा_खानापूर

इंद्रायणी. आपल्याकडे पिकतोच आणि या पदार्थाला त्याच्याइतका जुळणारा दुसरा नाही. आंबेमोहोराच्या संकरातली जात, वास छान आणि शिजल्यावर किंचित चिकट, त्यामुळे लेप दाण्यादाण्याला धरतो. एक वाटी तांदळाला दोन वाट्या पाणी, नवा असेल तर थोडं कमी.

बरोबर कोबी. बारीक चिरलेला, त्यावर मीठ, तेच माडाचं व्हिनेगर आणि चिमूटभर साखर, वीस मिनिटं ठेवून पिळलेला. थंडीत आमच्या पश्चिमेकडच्या गावांत रताळी येतात. ती उकडून, फोडी करून शेवटच्या मिनिटाला ग्लेझमध्ये घोळवा, मग काकवी दोनच चमचे घ्या.

परत_आलो_टिळकवाडीत

रताळ्याची कल्पना फार आवडली. तिखटाचं कुणी काही बोललं नाही अजून. कोरियन पद्धतीत गोचुजांग, म्हणजे आंबवलेल्या मिरचीचं वाटण घालतात. इथे संकेश्वरी मिरची भिजवून वाटून घातली तर?

कॅम्पकर

संकेश्वरी फार झणझणीत, लेपाची गोडी झाकून टाकेल. ब्याडगी घ्या. चार मिरच्या बिया काढून गरम पाण्यात भिजवायच्या, लसणाबरोबर गंधासारख्या वाटायच्या. रंग असा येतो की वेगळा काही लागत नाही. तिखट हवंच असेल तर संकेश्वरी एक, चारांत मिसळून.

गुऱ्हाळ_चिकोडी

कोंबडीला केलं काल. मांडीचे तुकडे, ब्याडगी घालून. पोरांनी कढई पुसून खाल्ली. घरातली म्हणत्यात कोंबडीला काकवी तीन चमचे जास्त हुतीया, अडीच बास.

वडगावकरीण

उरलं तर दुसऱ्या दिवशी डब्यात कसं न्यायचं? फ्रीजमधून काढलं की लेप दगडासारखा होतो.

घाटमाथा_खानापूर

अक्का, मायक्रोवेव्हमध्ये टाकू नका, काप वातड होतात. कढईत दोन चमचे पाणी उकळा, त्यात मांस टाकून झाकण ठेवा, दोन मिनिटांत लेप सैल होतो. मग झाकण काढून पुन्हा अर्धा मिनिट आटवा. डब्यात गरम भात आणि हे वेगवेगळ्या कप्प्यांत भरा. फ्रीजमध्ये तीन दिवसांच्या वर ठेवू नका.